कच्छला दगड वेचायला निघण्याआधी करवत मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातल्या तिघा मित्रांनी मिळून सहा इंची पात्याची छोटी करवत आणि दगड घासायचं यंत्र घेतलंय. घराजवळच्या गारगोट्या घासून हात बसला, आता डिसेंबरात आठ दिवस काढून कच्छच्या वाळवंटातून अकीक (अगेट, पट्ट्यापट्ट्यांचा अर्धपारदर्शक दगड) आणि जास्पर (त्याच कुळातला अपारदर्शक रंगीत दगड) आणायचा बेत आहे. कुठे जावं, काय न्यावं, किती दगड आणावेत, परवानगी कोणाची घ्यावी, असं त्यांनी विचारलंय.

कुठे जावं याचं उत्तर शेवटी येईल. आधी तुमच्या करवतीबद्दल बोलू, कारण या प्रवासाचं गणित तिथूनच सुरू होतं. खडे घडवणाऱ्याने दगडाची निवड रानातच संपवायला हवी. "घरी नेऊन बघू" असं म्हणत पोतं भरणाऱ्यांची अंगणं मी पाहिली आहेत. ढीग वाढत जातो, त्यातला घासायला एकही लवकर निघत नाही, आणि ज्या माळावरून तो ढीग उचलला तो मात्र कायमचा मोकळा होतो. अकीक पुन्हा उगवत नाही.

सहा इंची पात्याला ते धरून ठेवणाऱ्या मधल्या कड्या आणि आस वगळून साधारण पाच सेंटिमीटर खोलीचाच काप घेता येतो. दगड फिरवून दोन्ही बाजूंनी कापता येतो, पण तुकडे पायरी पडून निघतात आणि पातं वाकण्याचा धोका असतो. म्हणजे तुमच्या कामाचा गोटा साडेचार-पाच सेंटिमीटरचा. मुठीएवढा सुंदर दगड दिसला तरी तुमच्या यंत्रासाठी तो बिनकामाचा. हातोडीने फोडून लहान करू म्हणाल तर आतल्या पट्ट्यांतून तडे जातात.

आता वजन धरा. साडेचार सेंटिमीटरचा गोल अकीक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे किलोत आठ. दोन्ही टोकं सोडून एकातून सहा मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या निघतात आणि प्रत्येकीतून एक चांगला कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखा घासलेला खडा (थोडक्यात कॅब). दहा किलो निवडक मालातून कागदावर तीनशेवर खडे होतात. आतल्या चिरा आणि पोकळ्या धरून निम्मे वाया गेले असं समजा, तरी दीडशे उरले. नवख्या माणसाला एका कॅबला कापण्यापासून झिलईपर्यंत दोन तास सहज लागतात. नोकरी सांभाळून हे एका वर्षाचं काम आहे. तिघांत मिळून तीस किलो ही तुमची कमाल मर्यादा माना. त्याहून जास्त आणू नका, मिळत असलं तरी.

रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी चाळीस किलो सामान मोफत नेता येतं, त्यात कपडे आणि हत्यारंही आली, म्हणून वजनाचा प्रश्न येणार नाही. बेळगाववरून कच्छमधल्या गांधीधामकडे आणि जोधपूरकडे थेट गाड्या जातात, पण आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी. त्यामुळे तारखा गाडीप्रमाणे ठरवाव्या लागतील. जाण्या-येण्यात आठातले जवळपास तीन दिवस जातात. उरलेल्या पाचांत एक दिवस भुजमध्ये परवानग्यांसाठी ठेवा. रानात प्रत्यक्ष तीन-चार दिवस मिळतील, आणि तेवढे पुष्कळ झाले.

एक अट मात्र घालतो. कच्छला जाण्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरातले दोन-तीन रविवार आपल्याच भागात काढा. कच्छमध्ये जे ओळखायचं आहे तेच आपल्याकडे पायाखाली पडलंय. चिकोडी, अथणी, निपाणीपासून पुढे विजापूरपर्यंतचा काळा कातळ हा दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण कच्छचा पट्टाही त्याच उद्रेकांतला. अंजारजवळ लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात इरिडियम या उल्कांमधे जास्त आढळणाऱ्या दुर्मीळ धातूचे थर सापडले आणि जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं, तो हाच कातळ. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका (वाळूत आणि गारगोटीत असतं ते द्रव्य) विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि थरावर थर बसून अकीक झाला. कातळ झिजून माती होतो, अकीक झिजत नाही, म्हणून तो शेतात सुटा पडतो. अथणीकडच्या काळ्या रानात शेतकरी नांगराला लागणाऱ्या गारगोट्या वेचून बांधावर टाकतात. मालकाला विचारलंत तर कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो. त्या बांधावर बसून तीन तास नुसती निवड करा. उचलायचे फक्त पाच दगड, असा नियम लावून घ्या.

पूर्वेकडे गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती ओलांडून बागलकोटच्या बाजूला गेलात की खडक बदलतो. तो कलादगीचा, शंभर कोटी वर्षांहूनही जुना गाळाचा खडक: क्वार्ट्झाइट, चुनखडक, डोलोमाइट आणि त्यांच्यामधे चर्ट, म्हणजे सिलिकेचाच घट्ट, बारीक कणांचा खडक. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून बावन्न मीटर खाली उडी घेते तो कडा याच कुळातला. या पट्ट्यात लाल-तपकिरी जास्पर आणि पट्टेदार चर्ट मिळतो. चर्टचे कोनदार तुकडे सिलिकेने पुन्हा सांधलेला एक खडकही मिळतो, त्याला बदामीजवळच्या महाकूटचं नाव आहे. कापल्यावर तो फार देखणा दिसतो. महाकूटच्या देवळांच्या परिसरात मात्र खड्यालाही हात लावायचा नाही. बागलकोटची पावसाची ओढ, उघडा माळ आणि विरळ बाभळी बघता रखरखाटात चालायचा सरावही इथेच होतो. दुपारी दोन वाजता आपली बाटली किती उरते हे घरापासून दोन तासांवर कळलेलं बरं.

आता निवड कशी करायची ते. यावर वेळ घालवा, बाकीचं सगळं दुय्यम आहे.

पहिली गोष्ट ऊन. सकाळी उगवतीला आणि संध्याकाळी मावळतीला सूर्य जमिनीलगत असताना त्याच्याकडे तोंड करून चाला. अकीक आणि कॅल्सिडनी (त्याचाच बिनपट्ट्यांचा प्रकार) अर्धपारदर्शक असतात, उजेड त्यांच्यातून आरपार येतो आणि दगडाची कड पेटल्यागत दिसते. सूर्य पाठीशी ठेवून चाललात तर तोच दगड मातकट वाटतो. भर दुपारी शोधायला जाऊच नका, ती वेळ झाडाखाली बसून सकाळचा माल तपासायची.

दुसरी गोष्ट साल. वाळवंटात वारा बारीक माती उडवून नेतो आणि वर दगडांची फरशी उरते. त्यातल्या कित्येकांवर लोह-मँगनीजचा काळपट लेप चढलेला असतो, म्हणून बाहेरच्या रंगावरून आतलं कळत नाही. अकीकाच्या गोट्याच्या सालीवर बारीक खळगे असतात किंवा द्राक्षांच्या घडासारखे गोल फुगवटे. कधी हिरवट मातीसारखा पापुद्रा चिकटलेला असतो. कुठे टवका उडालेला असेल तर तिथे बघा: मेणासारखी चमक आणि गोलाईने फुटलेली कड दिसली तर सिलिका समजा. सपाट, आरशासारखे पृष्ठ एकमेकांना ठरावीक कोनात मिळत असतील तर तो कॅल्साइट, चुनखडीतलं मऊ खनिज. खात्रीसाठी खिशातल्या चाकूचं टोक ओढा. खनिजांच्या कठीणतेच्या एक ते दहा या मोजपट्टीवर चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास, अकीक साडेसहा ते सात, कॅल्साइट तीन. अकीकावर चाकू चालत नाही, उलट पोलादाची राखाडी रेघ उमटते.

तिसरी गोष्ट पाणी, आणि यात नव्वद टक्के माल गळून पडतो. फवाऱ्याच्या बाटलीने दगड पूर्ण भिजवा. ओला दगड घासल्यावर कसा दिसेल त्याचा अंदाज देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी परीक्षा त्यानंतर आहे. दगड हातात धरून सुकू द्या आणि बघत राहा. पृष्ठ सुकतं, पण चिरेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि ओली काळी रेघ दिसायला लागते. अशा रेघा एकमेकींना छेदत असतील तर दगड खाली ठेवा. वाळवंटात दिवसा तापणं आणि रात्री गारठणं वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे वर उघड्यावर पडलेल्या मोठ्या दगडांच्या सालीत बारीक तड्यांचं जाळं असतं. अर्धवट मातीत रुतलेला दगड बऱ्याचदा वरच्यापेक्षा धड निघतो. ओढ्याच्या कापातून नुकता सुटलेला सर्वांत चांगला.

चौथी गोष्ट आवाज. दोन गोटे एकमेकांवर हलकेच टेकवा. अखंड दगड टणक, स्वच्छ वाजतो. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. कान तयार व्हायला एखाद-दोन दिवस लागतात, म्हणून तर अथणीच्या बांधावर बसायला सांगितलं. शेवटी टॉर्च. सावलीत दगडाला टॉर्च चिकटवून आतून उजेड पाडा. पट्ट्या कोणत्या दिशेने जातात, मधे पोकळी आहे का, शेवाळासारख्या रेषा आहेत का, सगळं कळतं. कापायची दिशा तिथेच ठरवा आणि मेणखडूने दगडावर रेघ मारून ठेवा. घरी आल्यावर ती रेघ तुम्हाला आठवणीपेक्षा जास्त मदत करेल.

जास्परचं थोडं वेगळं आहे. तो अपारदर्शक, टॉर्चचा उपयोग नाही. त्यात बघायचं ते एवढंच, की सगळीकडे कठीणपणा सारखा आहे का. लाल भागात चाकू चालत नाही पण पिवळ्या भागात चालतो, असं असेल तर झिलई करताना पिवळा भाग खोल जाणार आणि खडा खडबडीत राहणार. असा दगड कितीही रंगीत असला तरी सोडा.

हातोडी शक्य तितकी कमी वापरा. चर्ट आणि अकीकाचे ढलपे काचेइतके धारदार उडतात, म्हणून हातोडी उचलण्याआधी गॉगल, अपवाद नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्यानेही. साधी गवंड्याची छिन्नी-हातोडी चालते, पण हातोडीवर हातोडी मारू नका.

परवानगीबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण इंटरनेटवरच्या व्हिडिओंनी अनेकांचा गैरसमज झालाय. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिथे सरकारी मोकळ्या जमिनीवर छंदासाठी माफक दगड उचलायला मुभा आहे. दगड झालेलं लाकूडसुद्धा माणशी दिवसाला पंचवीस पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला अडीचशे पौंड, असा नियमच आहे. आपल्याकडे तशी छंदाची सरसकट मोकळीक नाही. खनिजांचा मूळ कायदा १९५७ चा. १० फेब्रुवारी २०१५ ला केंद्राने एकतीस खनिजं गौण खनिजांत टाकली, त्यांत अकीक आणि जास्पर दोन्ही आहेत. गौण खनिजांचे नियम राज्य सरकार करतं. म्हणून कर्नाटकातला नियम गुजरातेत लागू होत नाही आणि तिथला इथे नाही.

व्यवहारात करायचं असं. आपल्या भागात बेळगाव किंवा बागलकोटच्या खाण व भूविज्ञान खात्यात जाऊन छंदासाठी, विक्रीसाठी नव्हे, किती किलो आणि कुठून, असा लेखी अर्ज द्या. अर्ज कानडीत लिहून न्या. मराठीत दिला तर पुन्हा लिहून आणायला सांगण्याची शक्यता जास्त, आणि आपला दिवस जातो. कच्छसाठी भुजच्या जिल्हा भूविज्ञान कार्यालयाला महिनाभर आधी पत्र धाडा आणि पोहोचल्यावर प्रत घेऊन भेटा. खासगी शेत असेल तर मालकाची, गायरान असेल तर पंचायतीची संमती वेगळी घ्यायची. चालू खाणपट्ट्यात ठेकेदाराच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. तिथे दगडाचा कायदा तर आहेच, सुरुंगाचाही धोका असतो.

काही जागा यादीतून सरळ काढून टाका. छोट्या रणातल्या मार्दक बेटावरच्या अकीकाबद्दल तुम्ही वाचलं असेल, हडप्पाकाळापासून तो नेला गेलाय. पण छोटं रण म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य, १९७३ पासून. तिथे प्रवेशालाच परवाना लागतो, आणि तिथलं काहीही उचलायचं नाही. लखपतकडचं नारायण सरोवर अभयारण्य चिंकाऱ्यांचं, तेही सोडा. आपल्याकडे बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीचं चिंकारा अभयारण्य आहे, जंगल न दिसणारा कोरडा माळ, म्हणून लोक बेधडक शिरतात. माळ दिसला तरी कायद्याने ते अभयारण्यच. जैसलमेरजवळच्या आकल इथलं दगड झालेलं लाकूड संरक्षित आहे, जोधपूरच्या गाडीने जायचा विचार बदलून कधी तिकडे वळलात तर लक्षात ठेवा. कच्छच्या जुरासिक खडकांतले अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखासारखे समुद्री जीव) आणि लाकडाचे जीवाश्मही तिथेच राहू द्या. ते घासून लॉकेट करण्यासाठी नाहीत, अभ्यासकांना ते त्याच थरात, त्याच जागी हवे असतात.

उत्तरेला सीमेलगतच्या भागात जायचं नाही. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी भिरंडियाराला परवाना मिळतो, पण तो बघण्यासाठी आहे. सीमा सुरक्षा दलाचे जवान थांबवतील तेव्हा खांद्यावर हातोडी आणि पाठीवर पोतं घेतलेली तीन माणसं काय सांगणार? ड्रोन घरी ठेवा. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, परदेशातून कोणी आणून दिला असेल तरी.

मग जायचं कुठे? कच्छच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेकडचा लाव्ह्याचा पट्टा धरा, नखत्राणा ते अंजार. भुजला मुक्काम करा, तिथून रोज जाऊन-येऊन होतं. डोंगराच्या पायथ्याशी जिथे ओढे मैदानात पसरतात आणि दगडगोट्यांचे पंख्याच्या आकाराचे ढीग तयार झालेत, तिथे शोधायला सुरुवात करा. ओढ्यातून वरच्या अंगाला चढत जा. गोटे मोठे आणि कमी घासलेले होत गेले म्हणजे उगम जवळ आला. एका ओढ्यात तासभरात एकही अर्धपारदर्शक तुकडा दिसला नाही तर तो ओढा सोडा, वरच्या कातळात पोकळ्याच नाहीत. जागा ठरवताना गावातल्या गुराख्याला विचारणं सर्वांत उपयोगी. अकीकाचा तुकडा खिशात ठेवा आणि दाखवा, भाषा लागत नाही. त्याने दाखवलेल्या जागेबद्दल त्याला मोबदला द्या, आणि ती जागा इंटरनेटवर टाकू नका.

याला जोडूनच एक गंभीर बाब. आपण जे दगड निवडतो तेच लाखो वर्षांपूर्वी माणसाने हत्यारांसाठी निवडले होते. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात आपल्याच घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन हत्यारं शोधली. १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्याचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. घटप्रभेवरचं अनगवाडी, मलप्रभेवरचं ख्याड ही ठिकाणं पुरातत्त्वात प्रसिद्ध आहेत. कच्छमध्ये तर धोलावीरा आहे, जागतिक वारसा यादीत २०२१ साली आलेलं, आणि तिथे मणी करण्याचे कारखाने होते. म्हणून एखाद्या दगडाच्या दोन्ही बाजूंनी ठरवून टवके काढलेले दिसले, बदामाच्या किंवा हाताच्या पंजाच्या आकाराचं धारदार काही हाती आलं, एकाच जागी बारीक पात्यांचा खच दिसला किंवा भोक पाडलेला मणी सापडला, तर तो जिथे होता तिथेच ठेवा. फोटो घ्या, शेजारी पेन ठेवून माप दाखवा, जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. धारवाडला असा विभाग आहे. नैसर्गिक टवका आणि माणसाने काढलेला टवका यांत फरक कळेनासा झाला तर माणसाचाच समजून चाला. खड्याला पर्याय शंभर मिळतात, जागेवरून हललेल्या हत्याराची माहिती परत मिळत नाही.

हवामानाचं पटकन सांगतो. डिसेंबर-जानेवारी योग्य. होळीनंतर जाऊ नका. रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं आणि सुकल्यावरही वरच्या मिठाच्या कवचाखाली चिखल राहतो, म्हणून गाडी खाली उतरवायची नाही, ड्रायव्हर हो म्हणाला तरी. थंडीचं कमी समजू नका. नलिया हे गुजरातेतल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक, रात्री बेळगावच्या थंडीपेक्षा जास्त वाजते. दिवसभर चालायला माणशी पाच लिटर पिण्याचं पाणी, दगड धुवायचं वेगळं. क्षारसंजीवनीची पाकिटं, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यावर येणारे बूट.

फुरसं आपल्याला नवीन नाही, कच्छमध्येही भरपूर, आणि ते दगडांतच बसतं. दगडाखाली बोटं घालायची नाहीत. दगड उलटताना काठीने त्याची पलीकडची कड उचला, म्हणजे मोकळी बाजू तुमच्या विरुद्ध दिशेला उघडते आणि दगड तुमच्या आणि आत जे असेल त्याच्या मधे राहतो. विंचवासाठीही हेच. चावल्यास बांधाबांध आणि चिरा न देता माणसाला शांत, हालचाल न करता सरकारी रुग्णालयात न्यायचं. निघण्याआधी त्या दिवशीच्या भागातलं सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय कोणतं, ते तिघांनाही पाठ असावं. संध्याकाळी परतायची वेळ मुक्कामाच्या मालकाला सांगून निघा.

परतीच्या वाटेवर एक दिवस हाताशी असेल तर आणंदला उतरून खंबातला जा. मी म्हणेन, दगड वेचायचा एक दिवस कमी करा पण हे करा. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतला अकीक खंबातला येऊन घडवला जातो, ही परंपरा हडप्पाकाळाशी जोडली जाते. जमिनीत टोकदार लोखंडी खुंटी रोवलेली असते. दगड तिच्या टोकाला लावून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने मागून टोला देतात आणि हवा तेवढाच ढलपा निघतो. पिवळट दगड आधी उन्हात ठेवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि दगड लाल कार्नेलियन होतो. रतनपूरच्या टेकडीवर बावा घोर यांचा दर्गा आहे, सिद्दी समाज त्यांना मानतो, आणि अकीकाचा धंदा त्यांनीच वाढवला अशी श्रद्धा आहे. खानापूर-हल्याळच्या जंगलातल्या आपल्या सिद्दी शेजाऱ्यांचे दूरचे भाऊबंद तिथे आहेत.

खंबातला कच्चा माल पावतीसह विकत मिळतो. जिथे परवानगी मिळाली नाही तिथून उचलण्यापेक्षा हे शंभरपटीने चांगलं, आणि तुमच्या करवतीच्या मापाचा गोटा निवडून घेता येतो. घेताना विचारा, दगड रंगवलेला आहे का. सच्छिद्र अकीकाला रंग चढवायची रीत जुनी आहे. भडक निळा आणि गुलाबी बहुधा रंगवलेलाच.

खंबातमध्ये आणखी एक गोष्ट डोळसपणे बघा. तिथल्या घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस मोठ्या प्रमाणात आढळला आहे. कोरडं घासल्याने सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही. तुमच्या यंत्रावर चालताना कायम पाण्याची धार असली पाहिजे, तोंडावर एन-९५ मुखवटा, आणि खाली जमलेला गाळ सुकू न देता ओलाच गोळा करून टाकायचा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मुलं असतील तर यंत्र अंगणात किंवा वेगळ्या खोलीत न्या. बेळगावच्या पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून काम करायचा मोह होतो, म्हणून आत्ताच जागा ठरवा.

दगड बांधताना प्रत्येकाला वर्तमानपत्राचा वेगळा कागद, आत चिठ्ठी: तारीख, जवळचं गाव, ओढ्याचा कोणता भाग, परवानगी कोणाची. चिठ्ठी नसलेला दगड दोन वर्षांनी कुठला तेही कळत नाही, आणि वाटेत कोणी विचारलं तर परवानगीची प्रत आणि चिठ्ठ्या जुळल्या पाहिजेत. खाऱ्या जमिनीवरून आणलेले दगड घरी आल्यावर गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. मीठ राहिलं तर कापल्यावर चकतीवर पांढरा बुरशीसारखा थर येतो आणि करवतीच्या धातूला गंज चढतो. मग सगळे दगड पुन्हा एकदा ओले करून सुकवा. रानात सुटलेल्या चिरा इथे दिसतील. त्या दगडांवर वेळ घालवू नका, त्यांच्यावर करवत चालवून हात बसवा किंवा ते टंबलरमधे (दगड घोळवून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या पिंपात) टाका. पहिली चकती सर्वांत साध्या दगडाची कापा, आवडत्याला हात लावण्याआधी तुमच्या पात्याला कच्छचा दगड किती कठीण जातो ते कळू द्या. अर्जाचा मसुदा बनवलात की पाठवा, मी बघून देतो.